रुग्णालयातला बदल रात्रपाळीपर्यंत कसा पोचवायचा: प्रमुखांसाठी सविस्तर मार्गदर्शन

रात्री दोनचा सुमार. सर्जिकल वॉर्डात एकच सिस्टर, सोबत एक मावशी. पेशंटला रक्त लावायचं आहे आणि रक्तपेढीतून मागणीचा फॉर्म परत येतो. "हा जुना आहे, कालपासून नवीन सुरू झालाय." सिस्टर कपाट उचकते, शेजारच्या वॉर्डात विचारते, तिथेही जुनाच गठ्ठा. शेवटी कॅज्युअल्टीत एक नवा फॉर्म सापडतो. तोवर पाऊण तास गेलेला.

पेशंट सुखरूप राहिला. सकाळी मी त्या सिस्टरला विचारलं, "परिपत्रक वाचलं नव्हतंत का?" ती म्हणाली, "मॅडम, मी चार दिवस नाईटला आहे. नोटीस बोर्ड ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये आहे, आणि तो कॉरिडॉर संध्याकाळी सहाला कुलूपबंद होतो."

अधीक्षक म्हणून त्या परिपत्रकावर सही माझी होती. त्या दिवसापासून प्रत्येक बदलाला मी एकच कसोटी लावत आले आहे: रात्रपाळीवरच्या सगळ्यात नव्या माणसाला तो बदल स्वतःच्या शब्दांत सांगता येतो का? येत असेल तर बातमी पोचली. नसेल तर कागदावर कितीही सह्या असोत, काम अर्धवटच आहे. खाली लिहिलेल्या पायऱ्या या एका कसोटीपोटी जमत गेलेल्या आहेत.

पायरी १: बातमी कोणत्या जातीची आहे ते ठरवा

सगळ्या बातम्या एकाच वाटेने पाठवल्या की महत्त्वाची बातमी गर्दीत हरवते. कँटीनची बदललेली वेळ आणि इन्सुलिन देण्याची बदललेली पद्धत एकाच ग्रुपवर, एकाच दिवशी, एकाच सुरात गेली, तर वाचणारा दोन्ही सारख्याच नजरेने वाचतो, म्हणजे वाचतच नाही.

मी चार कप्पे करते. पहिला, उद्याच्या रुग्णसेवेवर परिणाम करणारा बदल: नवा फॉर्म, नवं औषध, नवं यंत्र, संसर्ग रोखण्याचा नवा नियम. दुसरा, माणसाच्या पोटाशी आणि घराशी निगडित बदल: ड्यूटी लिस्ट, रजा, पगार, बदली, कंत्राटाची मुदत. तिसरा, माणसांविषयीची बातमी: कोण येतंय, कोण निवृत्त होतंय, नवा विभागप्रमुख कोण. चौथा, नुसती माहिती.

पहिल्या दोन कप्प्यांतली बातमी तोंडी सांगितल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही. तिसऱ्यात ज्याच्याविषयी बातमी आहे त्याला आधी विचारायचं. चौथ्यासाठी आठवड्याचं एक पान पुरतं.

एक सावधगिरी. प्रशासनाला चौथ्या कप्प्यातली वाटणारी बातमी कर्मचाऱ्यांच्या लेखी दुसऱ्यातली असू शकते. पार्किंगची जागा बदलणं ऑफिसला किरकोळ वाटतं. रात्री नऊला ड्यूटी संपवून एकटीने गाडीपर्यंत चालत जाणाऱ्या सिस्टरला ते मुळीच किरकोळ नसतं. शंका असेल तर एखाद्या इन्चार्ज सिस्टरला विचारा. ती एका वाक्यात सांगते.

पायरी २: सांगण्याआधी स्वतःसाठी लिहून काढा

एका कागदावर सहा प्रश्नांची उत्तरं लिहा. काय बदलतंय? कधीपासून, आणि कोणत्या पाळीपासून? नेमकं कोणी काय करायचं? का बदलतंय? काय बदलत नाही? अडलं तर कोणाला विचारायचं, दिवसा कोणाला आणि रात्री कोणाला?

यातलं एखादं उत्तर लिहिता आलं नाही, तर बदल अजून जाहीर करण्याजोगा झालेला नाही. "रात्री कोणाला विचारायचं" हा रकाना हमखास रिकामा राहतो, कारण नियोजन करणारे सगळे दिवसा काम करतात.

"काय बदलत नाही" ही ओळ बहुतेक प्रमुख गाळतात, आणि माझ्या मते तिचं मोल सगळ्यात जास्त. "वॉर्ड क्रमांक चार आणि पाच एकत्र होणार" एवढंच सांगितलं की संध्याकाळपर्यंत दहा माणसांची नोकरी जाणार अशी कुजबुज सुरू होते. "एकही पद कमी होत नाही, कोणाचा पगार बदलत नाही, सध्याची ड्यूटी लिस्ट महिनाअखेरीपर्यंत तशीच राहील" हे खरं असेल तर पहिल्या पाच ओळींत लिहा. आणि खरं नसेल तर चुकूनही लिहू नका. एकदा दिलेला खोटा दिलासा पुढची पाच वर्षं आठवणीत राहतो.

आता "का" विषयी थोडं सविस्तर. १८४७ च्या मे महिन्यात व्हिएन्नाच्या सरकारी रुग्णालयातल्या पहिल्या प्रसूती विभागात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने नियम केला: शवविच्छेदनाहून येणाऱ्या प्रत्येकाने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्याशिवाय प्रसूतीच्या रुग्णाला हात लावायचा नाही. एप्रिलमध्ये तिथे बाळंतिणींचा मृत्युदर १८ टक्क्यांच्या वर होता, जूनमध्ये तो २ टक्क्यांच्या आसपास आला. इतका लख्ख परिणाम दिसूनही वरिष्ठांचा विरोध राहिला, १८४९ मध्ये त्याची नेमणूक पुढे वाढवली गेली नाही, आणि आपली सगळी बाजू सविस्तर मांडणारं त्याचं पुस्तक यायला १८६१ साल उजाडलं. विरोधामागे अनेक कारणं होती. जंतूंचा सिद्धांत तेव्हा मान्य झालेला नव्हता, आणि आपल्याच हातांनी मृत्यू पसरतो हे डॉक्टरांना ऐकवत नव्हतं. पण प्रमुखाच्या खुर्चीत बसलेल्याने यातून एक गोष्ट घ्यावी: बदल शंभर टक्के बरोबर असला तरी त्यामागचं कारण लोकांच्या गळी उतरलं नाही तर तो टिकत नाही.

तेव्हा कारण लिहा, आणि ते वॉर्डाच्या भाषेत लिहा. "गुणवत्तावाढीच्या दृष्टीने" हे कारण झालं नाही. "गेल्या महिन्यात दोन पेशंटना चुकीच्या वेळी डोस गेला, म्हणून" हे कारण झालं. खर्च कमी करायचा म्हणून बदल होत असेल तर तेही तसंच सांगा. त्याला रुग्णसेवेचा मुलामा दिला तर पहिल्याच दिवशी ओळखतात.

पायरी ३: तारीख ठरवताना घड्याळ बघा

"सोमवारपासून लागू" हे रुग्णालयात संदिग्ध वाक्य आहे. रविवारी रात्री ड्यूटीला आलेली सिस्टर सोमवारी सकाळी सुटते. तिच्यासाठी सोमवार कधी सुरू झाला? मध्यरात्री बारा वाजता तिने पद्धत बदलायची का? म्हणून कोणताही बदल मध्यरात्रीपासून लागू करू नका. सकाळपाळीच्या सुरुवातीपासून करा आणि तसं स्पष्ट लिहा.

शनिवार, सणाची सुटी आणि महिन्याचा पहिला दिवस टाळा. सुटीला स्टोअर बंद असतं, संगणक विभागाचा एकच माणूस असतो, आणि अडलेल्याला धनी नसतो. मंगळवार किंवा बुधवार सकाळ मला सगळ्यात सोयीची वाटते. पहिले दोन दिवस सगळे जागेवर मिळतात, चूक लगेच कळते. नव्या निवासी डॉक्टरांची तुकडी रुजू होते त्या आठवड्यात तर काहीच बदलू नये.

पायरी ४: कोणाला आधी, कोणाला नंतर

ज्याच्यावर बदलाचा थेट घाव बसणार आहे त्याला सगळ्यांच्या आधी, समोर बसवून, दार लावून सांगा. त्यानंतर विभागप्रमुख, मेट्रन, इन्चार्ज सिस्टर, पर्यवेक्षक. मग सगळे. पहिल्या आणि शेवटच्या माणसाला कळण्यात एका दिवसापेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. त्या फटीतच अफवा वाढते, आणि रुग्णालयात अफवा लिफ्टपेक्षा वेगाने चढते.

इन्चार्ज सिस्टरांची बैठक ही या सगळ्याची खरी मदार आहे. वॉर्डातल्या सिस्टरला अधीक्षकांचं भाषण फारसं लक्षात राहत नाही. ती दुसऱ्या दिवशी ओव्हर घेताना, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती ताब्यात घेताना, आपल्या इन्चार्जला विचारते, "सिस्टर, हे नवीन काय आहे हो?" त्या क्षणी इन्चार्जने "वरून आलंय, करायचं" एवढंच म्हटलं, तर तुमचा बदल तिथेच संपला. म्हणून त्यांना कागद वाटून मोकळं होऊ नका. अर्धा तास द्या आणि सगळ्यात अवघड प्रश्न तिथेच विचारून घ्या: "तुमच्या वॉर्डात याला कोण विरोध करेल? काय म्हणेल?" मी असं विचारलं तेव्हा एक सिस्टर शांतपणे म्हणाली, "मॅडम, विरोध कोणीच करणार नाही. फक्त नवीन ट्रॉली आमच्या दारातून आत येत नाही." आम्ही सगळ्या उठलो, मोजपट्टी घेऊन गेलो, आणि खरंच दोन बोटांचा फरक निघाला. तो बदल आम्ही दोन आठवडे पुढे ढकलला.

कंत्राटी सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक, लिफ्टमन, किचनमधली माणसं यादीत आहेत का ते तपासा. पेशंटचे नातेवाईक पहिला प्रश्न सुरक्षारक्षकाला विचारतात. भेटीची वेळ बदलली आणि दारावरच्या माणसालाच माहीत नसेल, तर भांडण त्याच्याच अंगावर येतं.

पायरी ५: सूचना लिहा, पण माणसासारखी

नेहमीची सूचना अशी असते: "सर्व संबंधितांस याद्वारे कळविण्यात येते की, औषध मागणी प्रक्रियेत सुसूत्रता आणण्याच्या दृष्टीने सुधारित कार्यपद्धती तत्काळ प्रभावाने लागू करण्यात येत आहे. तरी याची नोंद घ्यावी." हे वाचून उद्या सकाळी काय वेगळं करायचं ते कोणीही सांगू शकणार नाही.

तीच सूचना अशी लिहिता येते:

विषय: औषधांचं इंडेंट (मागणीपत्र) आता दिवसातून दोनदा.
काय बदलतंय: आजवर वॉर्डाचं इंडेंट सकाळी एकदाच जात होतं. आता सकाळी ९ आणि दुपारी ४ वाजता जाईल.
कधीपासून: मंगळवार, १२ तारीख, सकाळपाळीपासून. सोमवारची रात्रपाळी जुन्याच पद्धतीने चालेल.
कोणी करायचं: ज्या पाळीची वेळ, त्या पाळीच्या सिस्टरने.
का: संध्याकाळी भरती झालेल्या पेशंटची औषधं रात्री कमी पडतात आणि दुसऱ्या वॉर्डातून उसनी आणावी लागतात.
काय बदलत नाही: इमर्जन्सी औषधं पूर्वीप्रमाणे कधीही मिळतील. नार्कोटिक औषधांचं रजिस्टर आणि त्यावरच्या सह्या तशाच.
अडलं तर: दिवसा फार्मसी इन्चार्ज, रात्री नाईट सुपरवायझर.
ही सूचना ३० तारखेपर्यंत बोर्डावर राहील.

एका पानात एकच बदल. वर क्रमांक आणि तारीख, म्हणजे "तो नवीन कागद" म्हणून शोधाशोध होत नाही. अक्षर मोठं ठेवा, कारण ते उभ्याने आणि कमी उजेडात वाचलं जाणार आहे. आणि कागद लावण्याची जागा म्हणजे नर्सिंग स्टेशन, चेंजिंग रूम, ओव्हरच्या रजिस्टरचं मधलं पान. ऑफिसबाहेरचा बोर्ड शोभेपुरता.

सही करून घेण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सही म्हणजे कागद हातातून गेला याचा पुरावा. डोक्यात गेल्याचा नाही. कायद्यासाठी हवी तर घ्या, पण तिच्यावर विसंबू नका.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपविषयीही तेच. "सूचना क्रमांक १४ लागली आहे, ओव्हरला बोलू" एवढा निरोप तिथे ठीक. मुळातली सूचना तिथे टाकली की ती वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते, आणि फॉरवर्ड होत कुठे जाईल सांगता येत नाही. पेशंटचं नाव, फोटो, केसपेपर यातलं काहीही तिथे जाता कामा नये, हे दर वेळी पुन्हा सांगावं लागतं.

पायरी ६: ओव्हरच्या वेळी, तोंडी, तिन्ही पाळ्यांना

दुपारी साडेतीनला सभागृहात सर्वांची सभा ठेवली की येतात ते बहुतेक ऑफिसमधले. वॉर्ड सोडून सिस्टर येऊ शकत नाही, आणि रात्रपाळीची माणसं झोपलेली असतात. पाळी बदलताना दोन्ही पाळ्या एकत्र असतात, तीच वेळ धरा. दहा मिनिटं पुरतात. पण तो ओव्हरचा वेळ आहे हे विसरू नका. पेशंटचा ओव्हर आधी पूर्ण होऊ द्या, मग बोला.

बोलताना परिचारिकांना सवयीचा असलेला क्रम वापरला तर कानाला ओळखीचा वाटतो: आत्ताची परिस्थिती, त्यामागची पार्श्वभूमी, त्यावरून आपला अंदाज, आणि आता काय करायचं. एसबार नावाची ही पद्धत अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आली, आणि कैसर पर्मनेंटे या आरोग्यसंस्थेतल्या लोकांनी ती रुग्णसेवेत रुजवली. फोनवर डॉक्टरांना पेशंटची तब्येत सांगायला ती जशी उपयोगी, तशीच प्रमुखाने बदल सांगायलाही.

रात्रपाळीला स्वतः जा. दर वेळी शक्य होणार नाही हे मलाही माहीत आहे, पण पहिल्या दोन कप्प्यांतल्या बातमीसाठी तरी जाच. रात्री साडेनऊला अधीक्षक वॉर्डात उभी राहून दहा मिनिटं बोलते, याचा अर्थ लोक शब्दांच्या आधी समजून घेतात.

सांगून झाल्यावर "समजलं का?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: "हो मॅडम." त्याऐवजी असं विचारता येतं.

"सिस्टर, समजा आज रात्री अकराला नवीन पेशंट आला आणि त्याचं अँटिबायोटिक वॉर्डात नाही. काय कराल?"
"फार्मसीला इमर्जन्सी स्लिप पाठवेन."
"आणि ते औषध पुढचे पाच दिवस लागणार असेल तर?"
"मग... सकाळच्या इंडेंटमध्ये घालायचं. की दुपारच्या?"
"बरं झालं विचारलंत. सकाळच्या. मी हे सांगायलाच विसरले."

ही परीक्षा नाही, हे आवाजातून कळलं पाहिजे. उत्तर चुकलं तर सांगण्यात कमतरता आमची, असं म्हणायचं आणि तसं मानायचंही. पेशंटला घरी सोडताना औषधं समजावून त्याच्याचकडून पुन्हा वदवून घेतात, तीच ही रीत.

पायरी ७: प्रश्नांना उत्तर, आणि शांततेकडे लक्ष

ज्या प्रश्नाचं उत्तर नाही त्याला "अजून ठरलेलं नाही, गुरुवारी दुपारच्या ओव्हरला सांगते" असं म्हणा. आणि गुरुवारी जा. ठरलं नसलं तरी "अजूनही ठरलं नाही" हे सांगायला जा. तारीख पाळली गेली की उत्तराची वाट बघायची लोकांची तयारी असते.

कोणीच काही विचारलं नाही तर खूश होऊ नका. एमी एडमंडसन या अभ्यासिका १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी दिसतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण आकडे उलटे आले. तिथे चुका जास्त नोंदल्या जात होत्या. कारण शोधता शोधता त्यांच्या लक्षात आलं, की त्या गटांतली माणसं चूक उघड बोलायला घाबरत नव्हती. बदल जाहीर केल्यावर वॉर्डात शांतता असेल तर लोक पटून गप्प आहेत की घाबरून, हे तुम्हालाच शोधावं लागेल. वॉर्डात एक साधी वही ठेवा, नाव न लिहिता प्रश्न टाकायला. दर आठवड्याला त्यातल्या प्रश्नांची उत्तरं त्याच वहीत, तुमच्या हस्ताक्षरात.

पायरी ८: बातमी वाईट असेल तेव्हा

विभाग बंद होणार, पदं कमी होणार, रुग्णालयात गंभीर चूक घडली. अशी बातमी ईमेलने किंवा परिपत्रकाने देणं हा अन्याय आहे, आणि मला याबद्दल जराही शंका नाही. समोर बसून, पहिल्या दोन वाक्यांत मूळ गोष्ट सांगा. पाच मिनिटं प्रस्तावना केली तर समोरचा ती पाच मिनिटं श्वास रोखून बसलेला असतो. सांगितल्यावर थांबा. लगेच पुढचे तपशील वाचायला घेऊ नका, तो ते ऐकत नसतो. लेखी कागद हातात द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटायची वेळ ठरवूनच उठा. शुक्रवारी संध्याकाळी अशी बातमी देऊन घरी जाऊ नये, कारण दोन दिवस विचारायला कोणीच मिळत नाही.

चूक घडल्यावर तर गप्प बसण्याचा मोह फार होतो. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयात एका रुग्णाला तपासणीसाठीच्या द्रावाऐवजी क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक टोचलं गेलं आणि त्या दगावल्या. रंगहीन, दिसायला सारखे द्राव जवळजवळ ठेवलेले होते. तिथल्या नेतृत्वाने ही गोष्ट कर्मचाऱ्यांना आणि बाहेरही उघडपणे सांगितली, माफी मागितली, आणि रुग्णसुरक्षेला सगळ्या कामाच्या वर ठेवलं. अशा वेळी कर्मचाऱ्यांना तीन गोष्टी सांगाव्यात: काय घडलं ते पेशंटची आणि संबंधित कर्मचाऱ्याची ओळख उघड न करता, आजपासून काय वेगळं करायचं, आणि चौकशीचं पुढे कधी कळेल. ज्या सिस्टरच्या हातून ते घडलं तिच्यासोबत त्या दिवशी कोण आहे, हे मात्र स्वतः बघा.

पायरी ९: पहिला दिवस, तिसरा दिवस, पंधरावा दिवस

बदल लागू झाला त्या सकाळी वॉर्डात फिरा. हातात यादी नको, डोळे उघडे हवेत. जुने फॉर्म कपाटातून, ड्रॉवरमधून, ट्रॉलीखालून गोळा करून घेऊन या. जुना गठ्ठा शिल्लक असेल तर घाईत हात त्याच्याकडेच जातो. माझ्या त्या रक्तपेढीच्या फॉर्मचं नेमकं हेच झालं होतं.

तिसऱ्या दिवशी बघा, लोकांनी कोणती पळवाट काढली आहे. पळवाट दिसली तर रागावू नका, ती बदलातला दोष दाखवत असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. भूल देण्याआधी, छेद घेण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर (शस्त्रक्रियागृहाबाहेर) नेण्याआधी, असं तीनदा थांबायचं. कागदावर सगळ्या खुणा आणि प्रत्यक्षात कोणीच थांबलेलं नाही, असं कोणत्याही ओटीत होऊ शकतं. ते रजिस्टर चाळून कळत नाही. ओटीत उभं राहावं लागतं.

पंधराव्या दिवशी पुन्हा ओव्हरला जा आणि सांगा: तुम्ही अमुक अडचण मांडलीत, त्यावर आम्ही हे केलं. जे जमलं नाही ते का जमलं नाही हेही. मग रात्री फेरी मारताना एखाद्या नव्या मामांना किंवा सिस्टरला तोच साधा प्रश्न विचारा, "हे आता कसं करता?" उत्तर अडखळलं तर सहाव्या पायरीपासून पुन्हा सुरुवात.

आणि ३० तारखेला ती सूचना बोर्डावरून काढा. पद्धत एव्हाना अंगवळणी पडलेली असते, आणि पुढच्या सूचनेला जागा मोकळी लागते.